आधी शिकल्या, मग शिकवलं : नगरच्या मातीतला एक धडा



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघत असलेल्या या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा स्मरणिका समितीने आग्रह धरला. मी काही लेखक नाही. सूतगिरणीत पाळ्या करणारा कामगार आहे. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचलं. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण आपल्या विहारात संध्याकाळी लहान पोरांचा जो अक्षरवर्ग भरतो, तिथं मीही खडू हातात धरतो. खडू धरल्यावर काय काय चुका होतात, हे मला अनुभवाने कळलं. त्या चुकांनीच मला हा इतिहास शोधायला लावला.

आपल्या विहारात क्रांतिज्योती सावित्रीमाईंचा फोटो आहे. दरवर्षी ३ जानेवारीला आपण हार घालतो, भाषणं करतो. माईंच्या अंगावर शेण-दगड फेकले गेले, ही हकिकत पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगतं. पण एक साधा प्रश्न आपण कधी विचारत नाही. माई शिकवायला कुठं शिकल्या? १८३१ साली नायगावात जन्मलेली, १८४० साली लग्न होऊन सासरी आलेली, शाळेची पायरी न चढलेली ही मुलगी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शिक्षिका म्हणून उभी राहते. हे काय आपोआप घडलं?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्याच नगरात आहे, आणि तोच आपल्याला ठाऊक नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

नगरची फरार बाई

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. म्हणजे सावित्रीमाईंचं आणि या कामाचं जन्मसाल एकच. या मिशनच्या मिस सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या. लग्न न केलेली एकटी बाई सात समुद्र ओलांडून येते आणि मुलींच्या शाळा चालवते, ही त्या काळात त्यांच्या देशातही नवलाची गोष्ट होती. १८३९ साली त्या नगरला आल्या आणि १८६२ साली इथंच वारल्या. तेवीस वर्षं त्यांनी नगरच्या मुलींसाठी खर्ची घातली.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण ज्या काळात इथल्या धर्ममार्तंडांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या हातात पाटी येऊ दिली नाही, त्या काळात ती कुणी दिली, हेही लपवायचं कारण नाही. इतिहास आहे तसा मांडावा.

महात्मा जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला आले होते. त्यांनी फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तिथली शिकवण्याची पद्धत बघून आपल्याला आनंद झाला, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. आई शिकली तर लेकरू सुधारतं, हा विचार घेऊन ते पुण्याला परतले.

पण शाळा काढायची तर शिकवणार कोण? बाई शिक्षिका तर कुठंच मिळत नव्हती. म्हणून जोतीरावांनी घरापासून सुरुवात केली. माईंना अक्षरओळख त्यांनी स्वतः करून दिली. पुढचा अभ्यास सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या मित्रांनी घेतला. त्यानंतर माईंनी नगरला फरार बाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवणारी शाळा.

बंधूंनो, यातलं मर्म लक्षात घ्या. लिहिता-वाचता येणं वेगळं आणि लिहायला-वाचायला शिकवता येणं वेगळं. माईंना अक्षर आलं, म्हणजे लगेच शिकवायला उभ्या राहिल्या असं झालं नाही.

पंतोजीची शाळा कशी होती

त्याआधी गावोगावी पंतोजीच्या शाळा असत. धूळपाटीवर काडीने मुळाक्षरं गिरवायची, मोठ्याने घोकायचं, पाढे-परवचा म्हणायचा, मोडीचं वळण बसवायचं. चुकलं की छडी नाहीतर ओणवं. महार-मांगांच्या पोरांना तर तिथल्या ओसरीवरही जागा नव्हती.

घोकण्यानं पोराचं तोंड चालतं, डोळा चालत नाही. हिशोब करून बघा. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी म्हणजे चौतीस गुणिले बारा, चारशे आठ रूपं झाली. पाच वर्षांच्या लेकरानं ही चारशे आठ रूपं अर्थ नसताना पाठ करायची आणि मग कुठं पहिला शब्द वाचायचा! त्यापेक्षा आपल्या मराठी शाळांत पुढं जी ‘ग म भ न’ची रीत आली ती बघा. वळणानं जवळची अक्षरं आधी घ्यायची. चार अक्षरं आली की पोरगं मन, मग, नभ, गगन असे खरेखुरे शब्द वाचतं. चार अक्षरांत आभाळ हाती येतं. शिकवण्याचं शास्त्र म्हणतात ते हेच.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यातही शिक्षकाचा प्रश्न त्यांनी अगदी मुळाशी नेला. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं ज्ञान आणि आरोग्य शिकवा. शिक्षक शिकवून तयार केलेले असावेत. त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. शिक्षक शक्यतो कष्टकऱ्यांतला असावा, वेळ आली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा. दीडशे वर्षं होत आली, मागणी अजून शिळी झालेली नाही.

मुक्ताचा निबंध

माई नुसत्या बाराखडीवर थांबल्या असत्या तर काय झालं असतं? त्याचं उत्तर मुक्ता साळवे हिनं दिलं आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ही मांग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ बघायचीही आम्हाला बंदी, तो धर्म आमचा कसा, असा तिचा रोकडा सवाल होता. आणि हे ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ साली सुरू कुठं झालं? आपल्या नगरला! शिकवण्याचा धागा नगरहून पुण्याला गेला आणि शिकलेल्या मुलीचा शब्द नगरला सुरू झालेल्या पत्रात उमटला.

बाबासाहेबांचा हिशोब

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसले, हे आपल्याला पाठ आहे. पण १९२७ साली मुंबई कायदे मंडळात ते प्राथमिक शिक्षणावर काय बोलले, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांनी आकडे मांडले : शाळेत शिरणाऱ्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेलं प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे आणि जन्मभर साक्षर राहिलं पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला. म्हणजे पट भरला की काम संपलं, असं बाबासाहेबांनी कधी मानलं नाही.

आज १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे. पट भरलेला आहे. तरी वरच्या वर्गात जाऊनही ओळ वाचता न येणारी पोरं आपल्या वस्तीत आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडची लेकरं दिवाळीच्या सुमारास आई-बापाच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. साखरशाळा निघाल्या, पण त्या सगळ्यांना पुरल्या नाहीत.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं.

आपल्या वर्गात असंच एक ऊसतोड्याचं पोरगं यायचं. महिना झाला तरी त्याला ‘क’ची बाराखडी येईना. मी रात्रपाळी करून आलेलो, डोळे चुरचुरत होते. सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, “तुला येणार नाही, उद्यापासून येऊ नको.” पोरगं खाली मान घालून गेलं. आठ दिवसांनी त्याचे आई-बाप त्याला घेऊन कारखान्यावर गेले.

त्याच वर्षावासात चूळपंथकाची कथा वाचण्याची पाळी माझ्यावर आली. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खूच. त्यानं सांगितलं, तुला येणार नाही, तू निघून जा. चूळपंथक रडत दाराशी उभा राहिला. भगवंतांनी त्याला जवळ घेतलं. गाथा बाजूला ठेवली. हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला आणि तो चोळत बस म्हणाले. कापड मळत गेलं तसा त्याला अर्थ उमगत गेला आणि तो अर्हत झाला. वाचता वाचता माझा आवाज बसला. जन्म सुतात घालवला, पण कापडाच्या तुकड्यानं शिकवता येतं हे मला सुचलं नव्हतं. मी महापंथक झालो होतो.

भगवंत थोर शिक्षक होते ते असे. लहानग्या राहुलला खोटं बोलू नये हे शिकवताना त्यांनी भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवलं, मग ते फेकून दिलं, भांडं उपडं केलं. वस्तू आधी, शब्द मागून. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात घालायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. आपण मात्र पोरगं ‘व्हतं’ म्हणालं की आधी हसतो.

पाडव्यानंतर ते पोरगं विहाराच्या दारात येऊन उभं राहिलं. आत येईना. तेव्हा आपल्या वर्गाला मदत करणाऱ्या अंगणवाडीच्या ताईंनी त्याला हाताला धरून आणलं. बाराखडी काढलीच नाही. फरशीवर खडूनं त्याचं नाव लिहिलं. तीन अक्षरी, कान्हा-मात्रा नसलेलं नाव. “हे कोण?” म्हणाल्या. मग त्यातलं एक एक अक्षर त्याच्या आईच्या नावात, गावाच्या नावात, उसात शोधायला लावलं. पोरगं फरशीभर स्वतःचं नाव लिहीत सुटलं. मी त्या ताईंना म्हणालो, “ताई, आधी मला शिकवा.” वयाच्या पन्नाशीत माझं नॉर्मल स्कूल तिथं सुरू झालं. ते पोरगं आज वाचतं. पण माझ्या शब्दानं परत न आलेली आणखी किती असतील, याचा हिशोब माझ्याकडं नाही.

एवढंच मागणं

बंधू-भगिनींनो, विहार म्हणजे नुसती वंदनेची जागा नव्हे. वर्धापनदिनाचा मंडप उद्या उतरेल, अक्षरवर्ग चालू राहिला पाहिजे. म्हणून माझ्या चार सूचना आहेत. जो कुणी वर्गावर उभा राहील त्यानं आधी महिनाभर अंगणवाडीच्या ताईंजवळ किंवा एखाद्या चांगल्या गुरुजींजवळ बसून शिकवणं बघावं. कोणत्याही लेकराला मारू नये आणि ‘तुला येणार नाही’ हा शब्द विहारात उच्चारू नये. ऊसतोडीला निघालेल्या पोरांच्या दप्तरात आपण एक वही आणि गोष्टीचं पुस्तक घालावं, परत आल्यावर घरी जाऊन त्यांना वर्गात आणावं. आणि आई शिकत नसेल तर तिलाही बोलवावं. फुले दांपत्यानं १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, आपण निदान दोन चटया जास्त अंथरू.

सावित्रीमाई आधी शिकवायला शिकल्या, मग शिकवायला उभ्या राहिल्या. येत्या ३ जानेवारीला हार घालताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी माझे हे वेडेवाकडे शब्द कारणी लागले असं मी समजेन.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!