ठाऊक असूनही न बोललेले

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९५२ ते १९६७ या काळात ‘आयव्ह गॉट अ सीक्रेट’ हा खेळ चालत असे. पाहुणा आपले गुपित सूत्रसंचालकाच्या कानात सांगे, प्रेक्षकांना ते पडद्यावर वाचायला मिळे आणि चार जणांचे मंडळ तेवढे प्रश्न विचारत ते शोधत बसे. १९५६ च्या फेब्रुवारीत तिथे ९५ वर्षांचे सॅम्युएल सेमूर आले. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा पाच वर्षांचे सेमूर त्याच नाट्यगृहात होते. या खेळाच्या रचनेतच गुपिताचे मर्म आहे. गुपित म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट नव्हे. ठाऊक असलेल्यांच्या मौनावर ते टिकते. चंदीगडच्या रॉक गार्डनचा इतिहासही असाच वाचायला हवा.

हा इतिहास एरवी एकट्या माणसाच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. फाळणीत ही बाग घडवणारे नेकचंद सैनी यांचे गाव पाकिस्तानात गेले. चंदीगडला ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक झाले. ल कॉर्बुझिए यांच्या आखीव शहरासाठी जुनी गावे उठत होती. त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबशा आणि फरशांचे तुकडे नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलातल्या घळीत नेत. १९५७ पासून तिथे रात्री, गुपचूप मूर्ती आणि अंगणे उभी राहिली. पसारा सुमारे १२ एकरांवर गेला. एवढे काम निव्वळ अंधाराच्या आडोशाने झाकले गेले असते का? १९६९ मध्ये त्यांनी मुख्य वास्तुविशारद एम. एन. शर्मा यांना ते दाखवले. नगररचना राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या शर्मांनी काम थांबवले नाही. ते गुप्त ठेवण्याचा सल्ला दिला. म्हणजे हे गुपित तेव्हापासून तरी एकट्याचे उरले नव्हते.

यावर रास्त आक्षेप असा, की हे सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण होते आणि अधिकाऱ्याने ते झाकणे हा कर्तव्यात कसूर ठरतो. नियम मोडला, हे मान्यच करावे लागेल. पण मौन कोणाच्या लाभासाठी पाळले, हेही तपासायला हवे. नेकचंदांनी तिथे स्वतःसाठी घर बांधले नाही की दुकान थाटले नाही. गुपित उघड झाल्यावर जे हाती आले, ते शहराच्याच मालकीचे ठरले. प्रशासनाने १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली केली, नेकचंदांना पगारी जबाबदारी आणि ५० मजूर दिले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बागेचे श्रेय नेकचंदांच्या हातांचे आहेच. पण ती जगली, यात ठाऊक असूनही न बोललेल्यांचाही वाटा आहे, आणि चंदीगडच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.