मासा निजतो कुठे?

प्रवाळाच्या टँकमध्ये वाळू पसरावी की तळाची काच उघडी ठेवावी, यावरून हौशी मंडळींत अबोले धरलेले मी पाहिले आहेत. बर्लिनमधला माझा टँक उघड्या काचेचा आहे. त्यामुळे दगडांवरचे किडे-अळ्या खाणारा मासा निवडायची वेळ आली की दुकानदाराची निम्मी यादी बघायचीच नसते. ही यादी अशी दुभंगली त्यामागे बराच जुना इतिहास आहे आणि तो सुरू होतो आजच्या जकार्त्यात, म्हणजे तेव्हाच्या बटाव्हियात.

पीटर ब्लीकर हा डच लष्करी डॉक्टर १८४२ साली तिथे पोचला आणि १८६० पर्यंत राहिला. नोकरी सांभाळून त्याने मासळीबाजार पालथा घातला, बेटाबेटांवरून नमुने मागवले आणि शेकडो माशांना शास्त्रीय नावं दिली. १८५१ मध्ये त्याने बांदा बेटांवरच्या एका रंगीत माशाचं वर्णन केलं. आज तो हॅलिकोरिस मेलॅन्युरस म्हणून ओळखला जातो. १८५७ मध्ये आंबोनहून आलेल्या, जांभळ्या अंगावर सहा नारिंगी पट्टे असलेल्या बोटभर माशाची पाळी आली. तो स्यूडोकायलिनस हेक्साटीनिया, आमच्या बोलण्यातला सिक्सलाइन. दोघेही रॅस कुळातले, दोघांचं तोंड बारीक, दोघेही दिवसभर दगड टिपत फिरणारे. ब्लीकरसमोर होते ते मेलेले मासे. त्यांचे दात, खवले, परांचे काटे मोजता येत होते. पण स्पिरिटच्या बरणीतला मासा रात्री कुठे निजायचा, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

आणि नेमकं तिथेच हे दोघे वेगळे आहेत. संध्याकाळ झाली की मेलॅन्युरस वाळूत सूर मारतो आणि सकाळपर्यंत आतच पडून राहतो. काही बिनसलं, घाबरला, तरी तो वाळूच शोधतो. सिक्सलाइन मात्र दगडाच्या कपारीत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट द्रवाचा पातळ कोष विणून आत निजतो. असाच कोष करणाऱ्या पोपटमाशांवर ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावर प्रयोग झाले. कोष काढून टाकलेल्या माशांना रात्री रक्त शोषणारे बारीक किडे जास्त चावले, हे त्यातून २०११ मध्ये समोर आलं. म्हणजे तो कोष मच्छरदाणीचं काम करतो.

मासे जिवंतपणी असे जवळून बघायला मिळाले ते टँकमुळे, पण प्रवाळ घरात जगवणं फार उशिरा जमलं. पुन्हा जकार्ताच. तिथल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्राचं पाणी, ऊन, हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले दगड. घाण पचवण्याचं काम त्या दगडांतले जीवाणू करतात. जगभर तेव्हा तळाच्या खडीखालून पाणी ओढणाऱ्या फिल्टरचा बोलबाला होता. त्या खडीत गाळ साचे आणि टँक आतून कुजे.

समुद्राचं पाणी आणि उष्ण कटिबंधातलं ऊन, यांतलं बर्लिनजवळ काहीच नव्हतं. इथल्या हौशी लोकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत पर्याय जुळवले: विकतच्या मिठाचं पाणी, प्रखर दिवे, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर आणि भरपूर जिवंत दगड. पीटर विल्केन्स यांनी त्यात चुन्याच्या निवळीची भर घातली, कारण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं. आपल्याकडे पानाच्या डब्यात असतो तोच हा चुना. तळ मात्र उघडा किंवा जवळपास उघडा, म्हणजे गाळ दिसतो आणि नळीने ओढून काढता येतो. हीच पुढे ‘बर्लिन पद्धत’ झाली.

डीट्रिश स्ट्युबर यांच्या टँकमध्ये अॅक्रोपोरा प्रवाळ इतकं वाढलं की त्याचे तुकडे तोडून ते इतरांना देत. युरोपात हातोहात फिरलेलं ते प्रवाळ आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. हा रिवाज मला मनापासून आवडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती प्रवाळ आहे, पण माझ्या माहेरी, मालवणात, ते घरी नेणं गुन्हा आहे. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. इथे समुद्राला हात न लावता शेजाऱ्याकडून तुकडा मिळतो.

तुकड्याबरोबर पाहुणेही येतात. आयप्टेशिया नावाचं काचेसारखं समुद्रफूल बघता बघता दगड व्यापतं. चपटे किडे येतात, शिंपल्यांचा रस शोषणाऱ्या तांदळाएवढ्या गोगलगाई येतात. अॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा तर प्रवाळाच्याच रंगाचा. २०११ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते टँकमधल्या नमुन्यांवरून. समुद्रात तो सापडल्याची पहिली नोंद त्यानंतरची, २०१२ची. ब्लीकरच्या काळी बाजारातून प्रयोगशाळेत जाणारं ज्ञान आता दिवाणखान्यातून तिथे जाऊ लागलं होतं.

दरम्यान वाळू परत आली होती. वाळूच्या खोल थरात प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जीवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. मोनॅकोत झाँ जोबेर यांनी वाळूखाली पोकळी ठेवून हे साधलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत रॉन शिमेक यांनी वाळूचाच जाड थर आणि त्यातल्या किड्यांची वस्ती यांचा पुरस्कार केला. अशा टँकमध्ये मेलॅन्युरस सुखाने नांदतो. पुढे टोकदार अॅक्रोपोरांची हौस वाढली, त्यांच्यासाठी पाण्याचा जोरदार प्रवाह हवा झाला. त्या प्रवाहात वाळू उडून प्रवाळांवर बसू लागली आणि २००० नंतर अनेकांनी ती पुन्हा उपसून टाकली. मासे मात्र आपली झोप बदलत नाहीत. उघड्या काचेवर मेलॅन्युरस सवयीने सूर मारतो आणि तोंड जखमी करून घेतो.

आईला फोनवर हा टँक दाखवला तेव्हा तिने किंमत विचारली नाही. म्हणाली, “रेती नाय, मगे ते निजतत खंय?” दुकानात मात्र मासा काय खातो एवढंच आधी विचारलं जातं. मेलॅन्युरस हवाच असेल, तर कोपऱ्यात वाळूचं खोलगट भांडं ठेवतात. त्यातही गाळ साचतोच.

मी सिक्सलाइन घेतला. तो भांडखोर आहे, म्हणून सगळ्यांत शेवटी सोडला. आधी सोडला असता तर नंतरच्या प्रत्येक माशाला त्याने पळवलं असतं. आयप्टेशियासाठी लांब चोचीचा कॉपरबँड फुलपाखरूमासा आहे. त्यालाही वाळू लागत नाही, पण खाण्याच्या बाबतीत तो लहरी. तो नीट खातो हे दुकानात डोळ्यांनी बघूनच आणावा. अॅक्रोपोरावरच्या किड्यांची अंडी मात्र कुठल्याच माशाच्या भरवशावर सोडू नयेत. ती प्रवाळाच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर घट्ट चिकटलेली असतात आणि औषधी पाण्यातही तग धरतात. आलेला प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरून मी ती खरवडून काढते आणि काही आठवडे तो वेगळ्या टँकमध्ये ठेवते. सिक्सलाइनकडे मी फक्त नजरेतून सुटलेल्यांचं काम सोपवलं आहे.