सर्दी की डबा?

परवा अकोल्याहून लेकीचा फोन. सव्वा वर्षाच्या नातवाचं नाक वाहतंय, रात्रभर किरकिर. मी म्हटलं, "आधी श्वास मोज."

आमच्या लहानपणी अमरावतीत श्वास कुणी मोजत नसे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, बस्स. लेकराचं पोट भात्यासारखं उडू लागलं की आजी म्हणायची, 'डबा झाला'. म्हणजे न्यूमोनिया. माझा धाकटा भाऊ त्यातच गेला. आजीने आजार बरोबर ओळखला होता, फक्त उशिरा.

१९८८ साली आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना अन् दाईंना श्वास मोजून औषध द्यायला शिकवलं. फार मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं साधन केलं, दर १० श्वासांना एक मणी. (मी चाळीस वर्षं पाढे शिकवले, हे मला नसतं सुचलं!) बालमृत्यू घटले, १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

लेकरू शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे भरले, बरगड्यांखाली खळगा पडला किंवा लेकरू दूध घेईना, तर लगेच डॉक्टर. साधी सर्दी विषाणूंची, तिला अँटिबायोटिक लागत नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला.

"आई, दोनदा मोजले. बत्तीस."