पत्र अस्सल, आरोप खोटा

डिसेंबर २०१३च्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतल्या हजारो घरांत टपालाने एक पत्र येऊन पडले. पाठवणारी रेगेन्सबुर्ग शहरातली वकिलांची पेढी. तुमच्या इंटरनेट जोडणीवरून अमुक दिवशी, अमुक वाजता, 'रेडट्यूब' या संकेतस्थळावर अमुक चित्रफीत पाहिली गेली, त्यामुळे आमच्या अशिलाच्या कॉपीराइटचा भंग झाला. सोबतच्या हमीपत्रावर सही करा आणि २५० युरो भरा, असा मजकूर. रेडट्यूब हे प्रौढांसाठीच्या चित्रफितींचे स्थळ. पत्र नवऱ्याच्या नावाने आले आणि बायकोने फोडले, किंवा मुलाचा उद्योग बापाच्या नावावर आला, की घरात काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. अशा वेळी माणूस शेजाऱ्याला विचारत नाही, वकिलाकडे जात नाही. पैसे भरून मोकळा होतो. रक्कमही तशीच बेतलेली होती: नुकसानभरपाई १५.५० युरो, वकिलाची फी १४९.५०, तपासाचा खर्च ६५ आणि टपालबिपाल मिळून २०.

माझा रोजचा संबंध मोडी कागदांशी. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्षांनी पुढे केलेली पत्रे वाचायची आणि त्यांतले बनावट कोणते ते ठरवायचे, हे काम करताना एक सवय लागते. आधी कागदाचे बहिरंग पाहायचे: कागद, शाई, वळण, वर शिक्का आणि मजकूर संपल्यावर त्याखाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून उठवलेले मोर्तब. मग अंतरंग: तिथीला तोच वार येतो का हे जंत्रीत ताडायचे, ज्याला जो किताब नंतर मिळाला तो त्याच्या नावामागे आधीच लागला आहे का ते बघायचे. पण सगळ्यांत कामाचा प्रश्न याहून साधा असतो. हे लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळली कशी? जर्मनीतल्या त्या पत्रांचा इतिहास मी वाचू लागलो तो याच प्रश्नासाठी.

आधी तिथला रिवाज समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे वकिलाची नोटीस येते तसा जर्मनीत 'आबमाहनुंग' नावाचा प्रकार आहे. कोर्टात जाण्याआधी समोरच्याला लेखी ताकीद द्यायची, पुन्हा असे करणार नाही अशी हमी घ्यायची, आणि ताकीद योग्य असेल तर वकिलाची फीही त्याच्याकडूनच वसूल करायची. संगणकावरून गाणी-सिनेमे एकमेकांना वाटण्याचे पेव फुटले तेव्हा या रिवाजाचा धंदा झाला. १ सप्टेंबर २००८पासून कायद्यातल्या नव्या कलमाने हक्कधारकाला आणखी एक वाट मिळाली: आयपी क्रमांक कोर्टापुढे ठेवायचा, कोर्टाच्या हुकमाने इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव-पत्ता मिळवायचा. पत्रांचा पाऊस इतका झाला की ऑक्टोबर २०१३मध्ये सरकारने वकिलांच्या फीला कात्री लावली आणि ताकीदपत्रात काय असलेच पाहिजे हेही घालून दिले: हक्क कोणाचा, नेमका भंग कोणता, पैशातली नुकसानभरपाई किती आणि खर्च किती. दोनच महिन्यांनी आलेल्या त्या २५० युरोंची फोड एवढी काटेकोर का होती, ते आता लक्षात येईल.

म्हणजे बहिरंगात खोट नव्हती. पेढी खरी, टपाल खरे, कोलोनच्या कोर्टाचा हुकूमही खरा. खोट होती ती अंतरंगात. फाइल-शेअरिंगमध्ये प्रत्येकजण घेताघेता वाटतही असतो, त्यामुळे त्या बाजारात शिरलेल्या कोणालाही बाकीच्यांचे आयपी क्रमांक दिसतात. स्ट्रीमिंगचे तसे नाही. तिथे चित्रफीत दाखवणारे स्थळ आणि पाहणारा, या दोघांतच व्यवहार होतो. मग तिसऱ्याला क्रमांक मिळाला कुठून? अर्जदार कंपनीने एका संगणक-प्रणालीचे नाव पुढे केले, पण ती हे कसे करते ते सांगितले नाही. लोकांना मधल्याच एका पत्त्यावरून वळवून रेडट्यूबवर नेले गेले असावे, असा संशय तेव्हा जाणकारांनी घेतला. अर्जांची भाषाच अशी होती की न्यायाधीशांना ते नेहमीचे फाइल-शेअरिंगचे प्रकरण वाटावे. काही न्यायाधीशांना वाटले, काहींनी हरकत घेतली. डिसेंबर संपायच्या आत हॅम्बुर्गच्या कोर्टाने या पत्रांना मनाई केली आणि २४ जानेवारी २०१४ रोजी कोलोनच्या कोर्टाने स्वतःच म्हटले की नावे देण्याचा हुकूम द्यायलाच नको होता. अर्जदार स्विस कंपनीचे नाव होते 'द आर्काइव्ह', म्हणजे दफ्तरखाना! आयुष्य दफ्तरखान्यांत काढणाऱ्याला हे जरा लागतेच. असो.

आता खरी गंमत. मूळ पत्रे घरोघर पोचतात न पोचतात तोच तशाच मजकुराचे ईमेल फिरू लागले. तेच पेढीचे नाव, तोच आरोप, सोबत एक दाबून बांधलेली फाइल. उघडली की संगणकात विषाणू. शेवटी त्या पेढीलाच जाहीर करावे लागले की आम्ही ताकीद टपालाने पाठवतो, ईमेलने नाही. बनावट कागद हवेत जन्मत नाही, तो अस्सल कागदाच्या रिवाजावर पोसला जातो. लोकांना ज्या पत्राची सवय आणि धास्ती आहे, त्याचीच नक्कल होते. २०११पासून जर्मनीत संगणकाचा पडदा अडवून केंद्रीय पोलिसांचे चिन्ह दाखवणारा आणि १०० युरो दंड मागणारा विषाणू पसरला होता; त्याचेच पुढचे अवतार संगीत आणि सिनेमाच्या हक्कसंस्थांची नावे लावून बेकायदा डाउनलोडचा आरोप करत. दंड भरायचा तो दुकानात मिळणाऱ्या प्रीपेड व्हाउचरने. कोणत्या देशाची पोलिसचौकी व्हाउचरवर दंड घेते? पण पडदा अडला, वर गरुडाचे चिन्ह दिसले की हे सुचत नाही.

माझी भाची म्युनिकला शिकते. दोन-तीन वर्षांपूर्वी तिला असाच ईमेल आला: बेकायदा स्ट्रीमिंग, ४८ तासांत पैसे, नाहीतर गुन्हा. व्हिसाच्या मुदतवाढीचे दिवस होते. "मामा, भरून टाकते, कटकट नको," म्हणाली. मी तिला मजकूर वाचून दाखवायला लावला. तिचे नाव नव्हते, नुसते 'प्रिय ग्राहक'. कोणता सिनेमा, कधी, याचा पत्ता नाही. हक्क कोणाचा ते नाही. बँकखाते तिसऱ्याच देशातले. वकिलाचे नाव मात्र होते, आणि जर्मनीत वकिलांची अधिकृत यादी कोणालाही पाहता येते. त्यात हे नाव सापडेना. यादीत ते असते तरी मी तिला पत्रातल्या नंबरवर नव्हे, यादीतल्या नंबरवर फोन करायला सांगितले असते, कारण खऱ्या वकिलाचे नाव चोरणे अवघड नाही. उलट बाजूही तिला सांगितली. सगळे तपशील असलेले पत्र टपालाने आले, तर ते केराच्या टोपलीत टाकायचे नाही, आणि सोबतच्या हमीपत्रावर जशीच्या तशी सहीही करायची नाही. ती हमी वर्षानुवर्षे गळ्यात राहते. ग्राहक सल्ला केंद्रात जायचे.

पत्र अस्सल आणि मजकूर चुकीचा, याचे आपल्या घरचे उदाहरण मुंबईचे आहे. २०१६च्या जुलैअखेर 'ढिशूम' हा सिनेमा आला. त्याच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयातून संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम मिळवला. बंद स्थळावर गेलेल्याला एक सूचना दिसू लागली: अशी प्रत पाहणे, उतरवून घेणे हाही गुन्हा असून ३ वर्षांची कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. देशभर घबराट झाली. सूचना बनावट नव्हती, इंटरनेट कंपन्यांनीच लावलेली होती. पण तिच्यात ज्यांचा हवाला होता त्या कलमांपैकी ६३ आणि ६३-अ यांत दंडाची कमाल रक्कम २ लाख आहे. ३ लाखांचा आकडा त्या कलमांत नाही. आणि 'पाहणे'? न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केले की गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीविना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्या-भाड्याने देण्यात आहे, आणि सूचनेची भाषा बदलायला लावली. कायद्याचे पुस्तक उघडून आकडा ताडून पाहणाऱ्याला ही गफलत घरबसल्या सापडली असती.

युरोपात मात्र त्यानंतर वारे फिरले. नुसते पाहताना पडद्यावर आणि संगणकात उमटणाऱ्या तात्पुरत्या प्रतींना युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये मोकळीक दिली होती. २६ एप्रिल २०१७च्या 'फिल्मस्पेलर' निकालात त्याने सांगितले की उघडउघड चोरट्या स्रोतातून जाणूनबुजून पाहिले तर ती मोकळीक नाही. म्हणजे २०१३च्या पत्रांतला जो आरोप तेव्हा जर्मन न्यायमंत्रालयालाही पटला नव्हता, त्याला काही बाबतीत आज आधार मिळू शकतो. 'पाहणे हा गुन्हाच नाही, म्हणून पत्र खोटे' ही जुनी कसोटी तिथे आता पुरत नाही. आयपी क्रमांक कसा मिळाला, हा प्रश्न मात्र आजही तसाच उभा राहतो, कारण स्ट्रीमिंगचे तंत्र त्या निकालाने बदललेले नाही.

आपल्याकडे ही पत्रे बहुधा पोलिसांच्या, सीबीआयच्या किंवा भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या नावाने येतात. वर सिंहमुद्रा, खाली एखाद्या खऱ्या अधिकाऱ्याची सही, आणि आरोप बहुतेक अश्लील चित्रफिती पाहिल्याचा. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने अशी पत्रे वेळोवेळी बनावट ठरवली आहेत. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा तत्सम मार्गाने बजावता येणार नाही असे सांगितले. जर्मन पेढीने 'आम्ही टपालानेच पाठवतो' म्हटले होते, त्याच जातीची ही कसोटी: मजकूर वाचण्याआधी कागद कोणत्या वाटेने आला ते पाहायचे. पेशवे दफ्तरातल्या रुमालांवर काम करताना आम्हीही आधी तेच विचारतो, की हा कागद मूळ रुमालातच होता, की कोणी मागाहून आणून ठेवला.