समोरून येणारं विमान : रेडिओ मॉडेल आणि सिम्युलेटरचा इतिहास

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. रेडिओवर उडणारी छोटी मॉडेल विमानं उडवायला माणसं कशी शिकली, आणि त्या शिकण्यात संगणक नेमका कुठून आला. खेळण्यांची गोष्ट वाटेल, पण थोडं थांबा.

आधी एक छोटा प्रयोग करू. बसल्या जागीच उजवा पंजा पालथा धरा, बोटं समोरच्या भिंतीकडे. हे तुमचं विमान, तुमच्यापासून लांब चाललंय. त्याला उजवीकडे वळवायचं तर हातातल्या ट्रान्समीटरची काडी उजवीकडे न्यायची. यात काही कठीण नाही. आता पंजा फिरवून बोटं स्वतःकडे करा. विमान तुमच्याकडे येतंय. काडी पुन्हा उजवीकडे नेली, तर विमान त्याच्या उजवीकडे वळणार, म्हणजे तुमच्या डावीकडे! मैदानावर नवशिक्याचं विमान पडतं ते बहुतेक वेळा इथेच. विमान डावीकडे कललंय असं दिसतं, तो घाबरून काडी उजवीकडे ढकलतो, विमान आणखी कलतं, तो आणखी ढकलतो. दोन-तीन सेकंदांत खेळ खलास.

खऱ्या विमानाच्या वैमानिकाला ही अडचण येत नाही, कारण तो आत बसलेला असतो. विमानाचं उजवं ते त्याचंही उजवं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सिम्युलेटरच्या इतिहासातली पहिली सत्तर-ऐंशी वर्षं सगळी आत बसलेल्या माणसासाठी खर्ची पडली आहेत.

त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. 1910 च्या आसपास अँटोइनेट जातीच्या विमानासाठी एक शिकवणी यंत्र होतं. यंत्र कसलं, पिंपच ते! एकावर एक ठेवलेली दोन अर्धी पिंपं, वर शिकाऊ वैमानिक, त्याच्या दोन्ही बाजूंना विमानातल्यासारखी दोन चाकं. सहाय्यकांनी पिंप हातानं हलवायचं आणि वरच्यानं चाकं फिरवून तोल सावरायचा. हसू येतं, पण कल्पना पक्की होती. चूक झाली तरी माणूस हातभर उंचीवरून पडणार.

पुढचं मोठं नाव एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा हा माणूस. वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा. आपल्या पेटीला भाता असतो ना, तसेच हवेचे भाते, झडपा, पंप यांत हा मुलगा वाढला. 1929 मध्ये त्यानं त्याच भात्यांवर एक छोटं, पंख तोकडे असलेलं खोटं विमान उभं केलं. दांडा हलवला की भात्यात हवा कमी-जास्त होई आणि डबा झुके, वळे. वैमानिकांच्या शाळांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. ते विकलं गेलं करमणुकीच्या बागांमध्ये, नाणं टाकून बसायची गंमत म्हणून.

मग 1934 साल उजाडलं. अमेरिकेत हवाई टपालाचं काम खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याकडे दिलं गेलं. हिवाळा वाईट, आणि ढगांत केवळ उपकरणं बघून उडण्याचा सराव सैनिकांना नव्हता. काही आठवड्यांत अनेक वैमानिक मेले. तेव्हा कुठे सैन्याला बागेतल्या त्या डब्याची आठवण झाली. सहा यंत्रं मागवली गेली, प्रत्येकी 3,500 डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक हवाई सैनिक या निळ्या डब्यात शिकले. चूक महाग झाली की सिम्युलेटर स्वस्त वाटू लागतो, असा माझा तरी हा इतिहास वाचून झालेला ग्रह आहे.

आता मॉडेलकडे येऊ. लिंकचा डबा सैन्यात पोचला त्याच दशकात, 1937 मध्ये, मिशिगनच्या कॅलमझूमध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. एकाला विमानांचा नाद, दुसऱ्याला रेडिओचा. घरात असे दोघे असले तर काय होणार! ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

पण त्या काळात मॉडेल 'उडवणं' म्हणजे काय होतं ते बघा. पुढची पंधरा-वीस वर्षं बहुतेकांकडे होतं फक्त एक बटण. मॉडेलच्या पोटात पीळ दिलेला रबर बँड. बटण दाबलं की एक खटका सुटायचा आणि रडर उजवीकडे जायचं, सोडलं की मध्ये यायचं. पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मघाशी कुठल्या बाजूला वळलो होतो हे उडवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. विसरलात, तर पुढचं वळण नशिबावर. ती विमानं मुळात आपली आपण स्थिर उडतील अशीच बांधलेली असायची. माणूस फक्त मधूनमधून सूचना करायचा.

साठच्या दशकात चित्र पालटलं. काडी जितकी हलवाल तितकंच रडर हलणार, अशी यंत्रणा आली. प्रत्येक काडीच्या जागेचं भाषांतर एका विद्युत ठोक्याच्या लांबीत व्हायचं : एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं, दीड म्हणजे मध्य. असे सगळ्या काड्यांचे ठोके एकापाठोपाठ, सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. आता विमानं चपळ झाली, उलटी उडू लागली, आणि पडूही लागली. पडणं म्हणजे काय, तर बाल्साच्या पट्ट्या कापून, चिकटवून, कागद किंवा रेशीम ताणून लावून दोन-तीन महिने संध्याकाळी खपून केलेलं काम तीन सेकंदांत काडीमोल.

यावर मैदानावरच्या लोकांनी काढलेला पहिला तोडगा संगणकाचा नव्हता, वायरीचा होता. गुरूचा ट्रान्समीटर आणि शिष्याचा ट्रान्समीटर एका वायरीनं जोडायचे. गुरूनं एक खटका दाबून धरला असेतोवर विमान शिष्याच्या हाती. गडबड दिसली की खटका सोडायचा, विमान परत गुरूच्या हाती. वायरीतून जायचे ते तेच मघाचे ठोके. गुरूंकडे सांगायला एक युक्तीही असायची, अजून असते : विमान समोरून येत असेल तर डावं-उजवं विसरा, जो पंख खाली झुकलाय त्याच्या बाजूला काडी न्या. जणू पडत्या पंखाखाली टेकू देताय. पंज्याचा प्रयोग पुन्हा करून बघा, पटेल.

मग संगणक यायला एवढा उशीर का झाला? घरच्या संगणकावर उड्डाण तर लवकरच आलं होतं. ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टू वर 1980 च्या सुमारास आला, 1982 मध्ये त्याचं मायक्रोसॉफ्टचं रूप निघालं. हजारो मॉडेलवाल्यांनी तो वापरला असणार. पण त्यांच्या अडचणीवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण तोही आत बसवणारा! ज्याला जमिनीवर उभं राहून आकाशात बघायचंय, त्याला कॉकपिट देऊन काय उपयोग?

जमिनीवर उभं करणारा, थेट मॉडेलसाठी बनवलेला सुरुवातीचा एक कार्यक्रम म्हणजे 1986 चा 'आरसी एरोचॉपर', अमिगा, अटारी, मॅकिंटॉशच्या जमान्यातला. नावातच हेलिकॉप्टर आहे, हे योगायोगानं नाही. मॉडेल हेलिकॉप्टर हा त्या छंदातला सर्वांत निर्दय प्रकार. जर्मनीच्या डीटर श्लूटरनी ते 1970 च्या सुमारास पहिल्यांदा नीट उडवून दाखवलं. ते एका जागी तरंगत ठेवायचं, आणि तेही नाक तुमच्याकडे असताना, हे शिकायला महिने जायचे आणि पाती तुटायची ती वेगळीच. पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'रिअलफ्लाइट' आला, आणि जर्मनीत बनलेला 'एफएमएस' तर फुकट मिळे. विद्यार्थ्यांत आणि गरजूंत पसरला तो हाच.

इथे मला आवडणारी एक गोष्ट. संगणकाला खरा ट्रान्समीटर जोडायचा कसा? लोकांनी तीच गुरू-शिष्याची वायर काढली. तेच ठोके, पण दुसऱ्या टोकाला गुरूऐवजी संगणक. काहींनी तर ते ठोके संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोकातून आत घातले, आणि ते मोजायला छोटे कार्यक्रम लिहिले. शिष्य तोच, त्याच्या बोटांखालच्या काड्याही त्याच. गुरू मात्र गेला. पडताना खटका सोडणारं कोणी नाही, आणि तशी गरजही उरली नाही. एक कळ दाबली की विमान पुन्हा धावपट्टीवर उभं.

चित्राच्या बाबतीत मॉडेलवाल्यांना एक फायदा आयता मिळाला. कॉकपिटमधल्या माणसाला जमीन क्षणाक्षणाला नव्यानं काढून दाखवावी लागते. मैदानावरचा माणूस जागचा हलतच नाही. त्यामुळे खऱ्या मैदानाचं चारी बाजूंचं एक छायाचित्र मागे लावलं की झालं. संगणकानं फक्त विमान काढायचं.

आता दुसरी बाजू. पडद्यावर खोली नसते. विमान झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मैदानावरही कळायला अवघड, पडद्यावर तर अंदाजच. सूर्य डोळ्यांवर येत नाही. आणि हात थरथरत नाहीत. सिम्युलेटरवर पन्नास तास काढलेला मुलगा पहिल्या खऱ्या उड्डाणाला उभा राहिला की त्याची बोटं बरोबर असतात, गुडघे नसतात. समोरून येणाऱ्या विमानाचं कोडं मात्र त्यानं घरीच सोडवलेलं असतं, आणि तेवढ्यासाठी मी सिम्युलेटरला पूर्ण मार्क देतो. आज हेलिकॉप्टर उलटं करून जमिनीपासून वीतभर अंतरावर नाचवणारी मुलं दिसतात. असले प्रकार आधी शेकडो वेळा फुकट पडल्याशिवाय शिकणार कोण आणि कुठल्या पैशांनी?

यात काही हरवलंही आहे. विमान बांधणारा आणि उडवणारा पूर्वी एकच असायचा, कारण पडलं की दुरुस्त करता यायलाच हवं. स्वतः बांधलेल्याला शेपटी कुठे कमकुवत आहे ते ठाऊक असतं. सिम्युलेटरवर शिकलेल्याला ते कळायचा प्रसंगच येत नाही.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग पूर्वीपासून आहे, आणि तुमच्यापैकी काहींनी तिथे बाल्सा कापलाही असेल. 2021 च्या ड्रोन नियमांनंतर मात्र हा विषय छंदापुरता राहिला नाही. ड्रोन चालवण्याच्या प्रमाणपत्रासाठी जे प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात प्रत्यक्ष उड्डाणाआधी सिम्युलेटरचे तास असतात. फवारणीसाठी ड्रोन शिकायला आलेला शेतकरीही आधी पडद्यासमोर बसतो. उपग्रहांच्या आधारानं ड्रोन जागच्या जागी थांबतो खरा, पण नाक तुमच्याकडे केलंत की डावं-उजवं तसंच उलटतं, 1937 मध्ये कॅलमझूत उलटत होतं तसंच.

वेळ झालीये. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय, प्रश्न घेऊया.