सिंचनाच्या पाण्याचा सामू

सिंचनाच्या पाण्याचा सामू हा पिकांना दिल्या जाणाऱ्या पाण्याची आम्लता किंवा विम्लता दर्शवणारा अंक होय. सामू ही संकल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये मांडली. ७ हा अंक उदासीन पाण्याचा मानतात. त्याहून कमी सामू आम्लधर्मी, तर अधिक सामू विम्लधर्मी पाण्याचा असतो. एका अंकाच्या फरकाने आम्लता दहापट बदलते. सिंचनाच्या पाण्याचा सामू सामान्यतः ६.५ ते ८.४ असतो. मातीत वाढणाऱ्या पिकांच्या बाबतीत मात्र या अंकाला एकट्याने फारसे महत्त्व नाही. पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे व सोडियम अधिक निर्णायक ठरतात.

मातीचा प्रभाव

मुळे अन्नद्रव्ये घेतात ती मातीतील द्रावणातून, आणि त्या द्रावणाचा सामू मुख्यत्वे मातीच ठरवते. चिकणमातीचे कण, सेंद्रिय पदार्थ आणि चुनखडी हे बदलाला विरोध करतात. ५ सामू असलेल्या एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन केवळ एक लक्षांश मोल असतात. एक टक्का चुनखडी असलेल्या एक किलो मातीतील चुनखडी एवढ्याच आम्लाने निष्प्रभ करायची, तर हिशेबाने असे २०,००० लिटर पाणी लागेल. पाण्यात लिंबू पिळून किंवा व्हिनेगर घालून जमीन सुधारू पाहणाऱ्यांचे श्रम म्हणूनच वाया जातात.

पावसाच्या स्वच्छ पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो, तरीही दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी विम्लधर्मीच राहिल्या आहेत. कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत, कारण तेथे अतिवृष्टीमुळे दीर्घकाळात कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन गेले. एका-दोन हंगामांच्या पाण्याने असा बदल घडत नाही.

चुनखडीच्या जमिनीत लोह अविद्राव्य होते आणि कोवळ्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो. यास शेतकरी केवडा म्हणतात. गंधक टाकून सारी चुनखडी संपवणे व्यवहार्य नसते: हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते, तीत ५ टक्के चुनखडी असल्यास जवळजवळ ३२,००० किलो गंधक लागेल. त्यापेक्षा चिलेटयुक्त लोह देणे सोपे पडते.

बायकार्बोनेट आणि सोडियम

दोन विहिरींच्या पाण्याचा सामू ८ असला, तरी एकीत बायकार्बोनेट लिटरला १ मिलिसममूल्य आणि दुसरीत ८ असू शकते. दुसरे पाणी वर्षानुवर्षे दिल्यास कॅल्शियम चुनखडीच्या रूपात साचतो, सोडियम मातीच्या कणांना चिकटतो आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीचा सामू ८.५ च्या वर जातो, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. त्यावर जिप्सम व चांगला निचरा हा उपाय आहे. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला १.२५ मिलिसममूल्यापर्यंत असलेले पाणी सुरक्षित, तर २.५ च्या वर असलेले अयोग्य समजले जाते. म्हणून पाण्याच्या तपासणी अहवालात सामूच्या पुढचे रकाने वाचणे आवश्यक असते.

अपवाद

कुंडीत माती थोडी असते आणि कोकोपीटमध्ये तर चुनखडी जवळजवळ नसते. तेथे पाण्याचा परिणाम लवकर दिसतो. मातीविना शेतीत सामूचे नियंत्रण अनिवार्य असते. ठिबक सिंचनात जड पाण्यामुळे तोट्यांत चुन्याचा थर बसतो व तो आम्लप्रक्रियेने काढतात. या प्रक्रियेत आम्ल नेहमी पाण्यात ओततात. पाणी आम्लात ओतल्यास ते उसळून अंगावर येते.