केमोच्या डोसात चौरस मीटर कुठून आला?

केमोथेरपीच्या बहुतेक औषधांचा डोस ‘दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम’ असा लिहितात. चौरस मीटर म्हणजे रुग्णाच्या अंगाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. औषध जातं शिरेतून, मग हिशेब कातडीचा का?

मुलांचा डोस पूर्वी वयावरून ठरे. थॉमस यंग यांच्या नियमात वयाला ‘वय अधिक 12’ने भागत, चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या डोसाचा चौथा हिस्सा मिळे. क्लार्क यांचा नियम वजनावर चाले.

क्षेत्रफळ आलं ते उष्णतेच्या अभ्यासातून. 1883 साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुब्नर यांनी लहानमोठ्या कुत्र्यांची उष्णता मोजली. किलोमागे लहान कुत्री जास्त उष्णता टाकत. चौरस मीटरमागे मात्र सगळ्यांचे आकडे जवळपास जुळले. हाच हिशेब माणसाला लावायचा तर त्याचं क्षेत्रफळ हवं. न्यूयॉर्कमध्ये डेलाफिल्ड आणि यूजीन ड्यू बॉय यांनी अंगावर घट्ट कपडे चढवून, त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचे घेतले. ते कापून, सपाट करून मोजले. उंची आणि वजनावरून क्षेत्रफळ सांगणारं त्यांचं सूत्र 1916 साली आलं, तेही अवघ्या नऊ जणांच्या मापांवरून. औषधाचा त्यात विचारच नव्हता.

क्षेत्रफळाची कर्करोगाच्या औषधांशी सांगड डोनाल्ड पिंकेल यांनी 1958 साली घातली. उंदीर, मूल आणि प्रौढ यांना दिले जाणारे या औषधांचे डोस किलोमागे फार वेगळे, पण चौरस मीटरमागे बरेच जवळ येत. 1987 साली मोस्टेलर यांनी गणित सोपं केलं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले 3600, त्याचं वर्गमूळ. 162 सेंटिमीटर आणि 50 किलो म्हणजे दीड चौरस मीटर. 80 सेंटिमीटर, 10 किलोच्या बाळाचं वजन या व्यक्तीच्या वजनाचा पाचवा हिस्सा, क्षेत्रफळ मात्र जवळजवळ तिसरा.

पण औषध शरीराबाहेर टाकतात यकृत आणि मूत्रपिंडं. सारख्या अंगाच्या दोघांत त्यांचं काम सारखं असेलच असं नाही. म्हणून 1989 साली कॅल्व्हर्ट यांनी कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेवरून काढण्याचं सूत्र दिलं. इतर अनेक औषधं अजून चौरस मीटरवरच आहेत. आजारात वजन झपाट्याने बदलतं. तेव्हा केमोच्या प्रत्येक फेरीआधी वजन नव्याने करून घ्या, जुना आकडा सांगू नका.